यवतेश्वरपर्यंत जाऊन येऊ

वाढे फाट्यावरच्या गाळ्यात ती उभी होती,
राखाडी, चार वर्षं वापरलेली,
कराडच्या कुणा डॉक्टरीणबाईंची.
'एकहाती गाडी आहे, मॅडम,' सुयोग शेडगे म्हणाला.
'ड्रायव्हरचा हात धरून की सोडून?' मी विचारलं.
तो हसला.
हसण्यातच दोन हात मोजले मी.

मग गळ्यातली टेप काढली.
शाळेचे गणवेश शिवते, बावीस वर्षं झाली;
माप घेतल्याशिवाय कशालाच हो म्हणत नाही.
डिकी रुंदीला एकोणचाळीस इंच, खोलीला बत्तीस,
म्हणजे शर्टांचे गठ्ठे सहा, सातवा मांडीवर.
मागच्या सीटखाली बॅटरी,
तिला श्वास घ्यायला एक जाळी.
जाळीत बोट घातलं तर
कुत्र्याचे केस निघाले, पांढरे.
डॉक्टरीणबाईंकडे कुत्रा होता
हे कागदपत्रांत नव्हतं.

बॅटरीची हमी आठ वर्षांची. चार गेलेली.
उरलेल्या चारांत मनवाचं कॉलेज संपेल,
हप्ते नाही संपायचे.

तात्या पुढे बसले, चपला बाहेरच काढून.
(सुयोगनं त्या उचलून मागे घेतल्या.)
एकतीस वर्षं एसटी, सातारा डेपो;
महाबळेश्वर, स्वारगेट,
आणि कुणालाच नको असायची ती बामणोली मुक्कामी.
इंजिन डाव्या मांडीला खेटून असायचं तेव्हा,
डावा कान त्यातच गेला.
त्या बाजूनं हाक मारायची नाही
हे आम्हाला पाढ्यांच्या आधी पाठ.

मी बटण दाबलं. गाडी निघाली,
काही झालंच नाही अशी निघाली.
पोवई नाक्यावर तात्या म्हणाले,
'कर की आता चालू.'
'चालूच आहे, तात्या.'
त्यांनी डॅशबोर्डवर तळहात ठेवला
ताप बघावा तसा,
आणि समर्थ मंदिराच्या चौकापर्यंत उचलला नाही.

घाट लागला तेव्हा इंजिन जागं झालं,
कुरकुरत, दुपारी झोपमोड झाल्यासारखं.
'हां,' तात्या म्हणाले. 'आहे आत कुणीतरी.'
दुसऱ्या वळणावर त्यांचा डावा पाय
क्लच शोधत होता.
रबरी मॅट तेवढी दबत होती.

'लिटरला तेवीस देते,' मागून सुयोग.
'घाटात का सपाटीला?'
'कंपनी म्हणते, काका.'
'कंपनीला म्हणावं, एकदा भरल्या गाडीनं मेढ्याला जाऊन ये.'

वर वळवली. उतरायला लागलो.
पडद्यावरचे बाण उलटे फिरले,
चाकांकडून बॅटरीकडे.
एक घर भरलं, हिरवं. मग दुसरं.
सुयोगनं समजावलं, ब्रेक दाबला की वीज साठते.
तात्यांना ऐकू गेलं नाही, किंवा गेलं.
'आम्ही उतारावर नुसतं जाळायचो,' म्हणाले.
'लायनर. वास सुटायचा, बाया नाकाला पदर लावायच्या.
एकदा मेढ्याजवळ…'

ते 'एकदा मेढ्याजवळ' मी लहानपणापासून ऐकते आहे.
त्याच्या पुढे गाडी कधीच गेलेली नाही.
आईनं सांगितलं होतं एवढंच,
त्या रात्री ते घरी चालत आले
आणि आठवडाभर सायकलवरसुद्धा बसले नाहीत.

मी ब्रेकवर पाय हलका ठेवला,
थोडा, पुन्हा थोडा,
कॉलर वळवताना मशीनचं पेडल सोडते तसा.
खाली सातारा, पत्र्यांवर ऊन.
चौथं घर भरलं.
तात्या पडद्याकडे बघत होते,
बोलले काही नाहीत.

गाळ्यात परत आल्यावर त्यांनी टायर दाबून पाहिले,
मग एकच प्रश्न विचारला: 'हॉर्न?'
आणि उत्तराची वाट न बघता
आत वाकून दाबला, लांबच लांब.
रस्त्यापलीकडचा चहावाला बाहेर आला.
'हा ऐकू आला,' म्हणाले, आणि चपला घातल्या.

अजून ठरवलं नाही काही.
कुत्र्याचे केस तेवढे रुमालात बांधून आणलेत;
किंमत बोलताना लागतील.